गोल्डन व्हिसा: पोर्तुगालने काय विकलं

(दृश्य: लिस्बन, अल्फामा वस्तीचा चढ. निळ्या-पांढऱ्या टाइल्स लावलेल्या जुन्या भिंती. दारांशेजारी पर्यटकांसाठी किल्ल्या ठेवायच्या आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या.)

2011 साली पोर्तुगालच्या तिजोरीत खडखडाट होता. सरकारने युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरले. 78 अब्ज युरोंची मदत ठरली आणि तिच्यासोबत कडक अटीही आल्या. पगार कापले गेले, पेन्शनला कात्री लागली, शिकलेली तरुण मुलं कामासाठी देशाबाहेर पडली. लिस्बनच्या जुन्या भागात कित्येक इमारती मोडकळीला आल्या होत्या. दुरुस्तीला मालकाकडे पैसा नव्हता, आणि बँका कर्जाला उभं करत नव्हत्या.

या अडचणीच्या काळात, ऑक्टोबर 2012 मध्ये, एक योजना सुरू झाली. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाने पोर्तुगालमध्ये किमान 5 लाख युरोंचं घर घ्यावं, सरकार त्याला आणि त्याच्या कुटुंबाला राहण्याचा परवाना देईल. हाच गोल्डन व्हिसा. परवाना टिकवायला त्या देशात वर्षाला सरासरी 7 दिवस काढले तरी पुरे. 2018 पासून तर पाच वर्षांनी, प्राथमिक पोर्तुगीज भाषेची परीक्षा देऊन, नागरिकत्वाचा अर्ज करता येऊ लागला.

वर्षाला सात दिवस! परवाना राहण्याचा होता आणि राहण्याची सक्ती मात्र जवळजवळ नव्हती. जगभरच्या श्रीमंतांना हेच हवं होतं.

2023 पर्यंत गुंतवणूकदारांना 12 हजारांहून जास्त परवाने मिळाले, 7 अब्ज युरोंहून जास्त पैसा आला. सर्वांत मोठा गट चीनमधून आलेल्यांचा. योजनेत नोकऱ्या निर्माण करण्याचाही एक मार्ग होता, पण तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. सुमारे 90 टक्के पैसा घरं आणि इमारतींमध्ये गेला. 2014 मध्ये परवान्यांतल्या भ्रष्टाचाराच्या तपासात परकीय नागरिक विभागाच्या प्रमुखाला अटक झाली, गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. न्यायालयाने पुढे मंत्र्यांना निर्दोष सोडलं, योजनेवरचा डाग मात्र पुसला गेला नाही.

(दृश्य: मोरारिया, लिस्बनचीच एक जुनी वस्ती. दुरुस्त केलेली इमारत, शेजारी भेगाळलेली इमारत. चाकांची बॅग ओढत चढणारे पर्यटक.)

जुन्या इमारती उभ्या राहिल्या, हे खरं. पण त्यांत आधी राहणारी माणसं कुठे गेली? 2012 मध्येच भाडेकायदा सैल झाला होता. वर्षानुवर्षं जुन्या भाड्यावर राहिलेल्या म्हाताऱ्या भाडेकरूंना घर सोडायच्या नोटिसा येऊ लागल्या. 2023 साली पोर्तुगालचं किमान मासिक वेतन 760 युरो होतं. त्याच सुमारास लिस्बनमध्ये एका बेडरूमच्या घराचं, तिथल्या भाषेत ‘टी-वन’चं, भाडं हजार युरोंच्या वर गेलं होतं. एकट्या गोल्डन व्हिसाला याचा दोष देता येणार नाही. पर्यटन, ऑनलाइन भाड्याने जाणारी घरं आणि वर्षानुवर्षं न बांधलेली सरकारी घरं, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तरीही आपल्या पगारात आपल्याच शहरात घर न मिळणाऱ्या माणसाला, परक्या देशातला कुणी वर्षाला सात दिवसांसाठी घर घेऊन ठेवतो, याचा राग आला तर त्यात वावगं काय? 1 एप्रिल 2023 रोजी घरांच्या प्रश्नावर लिस्बन, पोर्तो आणि इतर शहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले.

त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधान अंतोनियो कोस्टा यांनी ही योजना बंद करण्याची घोषणा केली होती. कोस्टांचे वडील गोव्याच्या घराण्यातले, त्यांचं वडिलोपार्जित घर मडगावात आहे आणि घरी त्यांना ‘बाबुश’ म्हणतात. 2017 मध्ये भारतभेटीवर असताना त्यांनी ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, स्वीकारलं होतं.

(दृश्य: संसद भवन, लिस्बन.)

योजना पूर्ण बंद झाली नाही. ऑक्टोबर 2023 च्या कायद्याने घरखरेदीचा मार्ग बंद केला. आजही एखादा एजंट ‘फ्लॅट घ्या, पोर्तुगालचा परवाना मिळवा’ असं सांगत असेल, तर तिथूनच उठावं. आता उरलेला मुख्य मार्ग म्हणजे गुंतवणूक फंड: किमान 5 लाख युरो, फंडाची मुदत किमान पाच वर्षं, त्यातला 60 टक्के पैसा पोर्तुगीज कंपन्यांत आणि स्थावर मालमत्तेत काहीच नाही. संशोधनाला 5 लाख किंवा कला आणि वारसा जतनाला अडीच लाख युरो देऊनही परवाना मिळतो. अडीच लाखांचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो. ती रक्कम बहुधा देणगी असते, परत येत नाही, हे लहान अक्षरांत असतं. शिवाय सरकारी शुल्क कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे काही हजार युरो.

भारतातून पैसे पाठवण्याची अडचण वेगळीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. 5 लाख युरो, म्हणजे ढोबळमानाने पाच कोटी रुपये, नवरा-बायकोची मर्यादा एकत्र केली तरी एका वर्षात बसत नाहीत. म्हणून लोक काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवतात. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून राहतात.

पाच कोटी नसलेल्यांसाठी दुसरे मार्ग आहेत, आणि आमच्या मते तेच जास्त सरळ आहेत. डी-7 व्हिसा पेन्शन, घरभाडं, लाभांश अशा नियमित उत्पन्नावर मिळतो. 2025 साली अट होती महिना 870 युरोंची, म्हणजे तिथल्या किमान वेतनाइतकी. जोडीदारासाठी त्याच्या निम्मी रक्कम, प्रत्येक मुलासाठी 30 टक्के. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी 2022 पासून डी-8 आहे. त्यात किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. या दोन्हींत तिथे खरोखर राहावं लागतं. भाडेकरार करायचा, ‘निफ’ म्हणजे करक्रमांक काढायचा, आणि वर्षातले 183 दिवस ओलांडले की जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब पोर्तुगालच्या करखात्याला द्यायचा. नव्याने येणाऱ्यांना पूर्वी मिळणारी मोठी करसवलत 2024 पासून बंद झाली आहे. किमान वेतनाइतक्या उत्पन्नावर व्हिसा मिळेल, लिस्बनमध्ये संसार चालणार नाही. आतल्या भागातल्या लहान गावांत कदाचित जमेल.

(दृश्य: पणजी, फोंतैन्यश. पिवळ्या-निळ्या भिंती, लाकडी सज्जे.)

गोव्यातल्या माणसांसाठी आणखी एक दार आहे, आणि तिथे गुंतवणूक लागत नाही. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्या व्यक्तीला आणि तिच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. आधी आजी-आजोबांचा जन्म आणि लग्न लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचं, मग पुढच्या पिढीचं. खरी दमछाक नावांच्या अक्षरांत होते. जुन्या पोर्तुगीज दाखल्यावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. तो पासपोर्ट घेऊन गोव्याची कित्येक कुटुंबं लिस्बनला थांबलीच नाहीत, थेट इंग्लंडमध्ये स्विंडनला पोहोचली. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण मतदानाचा हक्क जातो, शेतजमीन विकत घेता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांना हात लावण्याआधी हे सगळ्यांनी एकत्र बसून बोलायला हवं.

(दृश्य: ओदेमिरा, दक्षिण पोर्तुगाल. समुद्रापर्यंत पसरलेली प्लॅस्टिकची हरितगृहं.)

याच देशात नेपाळ, बांगलादेश आणि भारतातून, मुख्यतः पंजाबातून, आलेले मजूर ओदेमिराच्या हरितगृहांत रास्पबेरी तोडतात. 2021 च्या वसंतात इथे कोरोना पसरला, तेव्हा एकेका खोलीत किती माणसं कोंबली आहेत हे साऱ्या देशाला दिसलं. येऊन काम धरायचं, सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरायचे आणि मग परवाना मागायचा, ही त्यांची वाट होती. जून 2024 मध्ये सरकारने ती बंद केली. गुंतवणूकदाराचा फंडाचा मार्ग खुला राहिला. ज्याच्या श्रमावर शेती चालते त्याला देशाने आधी जागा द्यायला हवी होती, असं आम्हाला मनापासून वाटतं.

कागद मात्र दोघांचेही एकाच कार्यालयात जातात. ऑक्टोबर 2023 मध्ये जुना विभाग मोडून ‘आयमा’ ही नवी संस्था आली, तेव्हा तिच्या वाट्याला सुमारे 4 लाख प्रलंबित प्रकरणं आली. बोटांचे ठसे देण्याची तारीख मिळावी म्हणून लोक वकील लावून न्यायालयात जातात.

नागरिकत्वाची पाच वर्षांची मुदतही आता गृहीत धरता येत नाही. 2025 मध्ये संसदेने ती बहुतेक परदेशी लोकांसाठी दहा वर्षांवर नेणारा कायदा मंजूर केला आणि घटना न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी अडवल्या. त्याच वर्षी स्पेनने आपली योजना गुंडाळली आणि माल्टाची पासपोर्ट विक्री युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरवली. पोर्तुगालला निघणाऱ्याने सही करण्याच्या दिवशी लागू असलेला कायदा स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा, एजंटच्या वकिलाकडून नव्हे. आणि पैसा दहा वर्षं तिथे अडकला तरी मुलांचं शिक्षण आणि आईवडिलांचं दुखणंखुपणं निभेल ना, हे आधी मांडून पाहावं.