सावलीवरची दुपार

एक चंद्र रचू या. पृथ्वीएवढा, हवापाणी असलेला. तो फिरतो गुरूएवढ्या ग्रहाभोवती, आणि हा ग्रह सूर्यापासून आपल्याइतक्याच अंतरावर आहे. चंद्राचं नाव ठेवू सावली.

तिथलं हवामान काढायचं, तर आधी घड्याळ लावावं लागतं. सावलीला आपण गुरूच्या युरोपा या चंद्राच्या कक्षेत ठेवलंय, ग्रहापासून ६ लाख ७१ हजार किलोमीटरवर. एक फेरी साडेतीन दिवसांची. इतक्या जवळचा चंद्र ग्रहाच्या ओढीने जखडतो आणि त्याच्याकडे कायम एकच तोंड ठेवतो. म्हणजे जेवढी फेरी, तेवढाच दिवस. ४३ तास ऊन, ४३ तास रात्र.

आता ग्रहाकडच्या बाजूला, विषुववृत्तावरच्या एका अंगणात या. समोर समुद्र. सूर्य उगवून २० तास झालेत. दगडी पायरीवर पाय ठेवणं अशक्य. शाळेतले खारे वारे आठवतात ना? तेच, पण इथे ते सकाळपासून जोर धरतायत आणि सकाळ काही संपत नाही. माथ्यावर ग्रह, आपल्या चंद्राच्या २४पट रुंद. तो ना उगवतो, ना मावळतो. सूर्यच सरकत सरकत त्याच्या मागे जातो आणि भर दुपारी अंधार पडतो.

सुमारे पावणेतीन तास. रोज.

४३ तासांत पावणेतीन म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण बुडतात ते ऐन माध्यान्हीचे तास. दिवसभराच्या उन्हाचा दहावा हिस्सा त्यातच जातो. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला ग्रह दिसतच नाही, तिथे हे ग्रहणही नाही. एकाच विषुववृत्तावर एक दुपार निवलेली, दुसरी भाजून काढणारी.

मध्यरात्री मात्र अंगणात लख्ख उजेड. ग्रह पूर्ण उजळलेला. खरीखुरी गुरुपौर्णिमा म्हणायची! ऊब मात्र नावापुरती.

हे सगळं ग्रहाचा आस गुरूसारखा जेमतेम ३ अंश कललेला असेल तर. मग ऋतूही नाहीत. तोच शनीसारखा २७ अंश कलला, तर उन्हाळे-हिवाळे येतील, पण दुपारचा अंधार विषुवदिनाच्या मागेपुढे दोनेक आठवडेच पडेल. मला पहिलाच आवडतो.

वाळवंटांचं काय? पृथ्वीवर विषुववृत्तापाशी वर चढलेली हवा ३० अंश अक्षांशाच्या आसपास कोरडी होऊन खाली बसते. सहारा तिथेच आहे. सावली साडेतीनपट संथ फिरते, त्यामुळे ही हवा ध्रुवांच्या बाजूला आणखी लांब जाऊन उतरेल. शनीच्या टायटन या चंद्राला फेरीला १६ दिवस लागतात, तिथे ती जवळजवळ ध्रुवापर्यंत पोचते.

अंगणातली पायरी आता निवलीय. ग्रहाच्या दुसऱ्या कडेला लालसर रेघ उमटते, मग ऊन. इथला कोंबडा दिवसातून दोनदा आरवेल.