डब्लिन कुणाचं? फॉन्टेन्स डी. सी. आणि त्यांचे भांडणारे चाहते

(एका रसिक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘एकाच बँडचे दोन प्रकारचे चाहते खरं तर एकच गोष्ट ऐकतात’. त्या विषयावर मी येणारच आहे. पण आधी भांडण काय आहे ते सांगायला हवं, आणि ते सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. गेली काही वर्षं ही गोष्ट माझ्या मनात साचलेली आहे आणि ती ऐकून घेणारी एवढी माणसं मला एका वेळी कधी मिळाली नव्हती.

बँडचं नाव फॉन्टेन्स डी. सी. तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलाय, त्यामुळे पोस्ट-पंक म्हणजे काय हे जॉय डिव्हिजनसारख्या जुन्या बँडपासून सांगत बसत नाही. बास पुढे, गिटार खरखरीत, आणि गाणारा गातोय की बोलतोय याचा शेवटपर्यंत पत्ता नाही. पाच मुलं आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनच्या एका संगीत महाविद्यालयात भेटली. गाण्याआधी कवितेनं त्यांना एकत्र आणलं. पबमध्ये बसून एकमेकांना कविता वाचून दाखवायचे, त्यांचे दोन छोटे संग्रहही त्यांनी काढले. नाव घेतलं ‘गॉडफादर’मधल्या जॉनी फॉन्टेन या गायकावरून. त्या नावाचा एक बँड अमेरिकेत आधीच होता, म्हणून पुढे डी. सी. जोडलं, म्हणजे डब्लिन सिटी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये पहिला अल्बम आला, ‘डॉगरेल’. त्याला मर्क्युरी पुरस्काराचं, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी ‘अ हीरोज डेथ’. २०२२ मध्ये ‘स्किंटी फिया’, जो आयर्लंड आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. २०२३ मध्ये ब्रिट हा ब्रिटनचा मोठा संगीत पुरस्कार, आंतरराष्ट्रीय बँड म्हणून. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘रोमान्स’. नवी रेकॉर्ड कंपनी, नवा निर्माता, भडक रंग, मोठाले गॉगल, आणि एकदम मोठमोठी मैदानं. इथेच चाहत्यांत फूट पडली. म्हणजे कुरबुर दुसऱ्या अल्बमपासून होतीच, ‘रोमान्स’नंतर मात्र दोन तट पडले. एक तट म्हणतो, ‘डॉगरेल’ तेवढा खरा, त्यानंतर हे विकले गेले. दुसरा तट ‘रोमान्स’मुळेच आत आलेला आहे आणि त्यातल्या कित्येकांनी ‘डॉगरेल’ ऐकलेलाही नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मी डब्लिनच्या थ्रीअरीनाबाहेर रांगेत उभी होते. लुआस या तिथल्या ट्रामच्या लाल मार्गावरचं शेवटचं स्थानक आहे, द पॉइंट. उतरलं की समोरच थिएटर, बाजूला लिफी नदी, आणि नदीवरून येणारा असा वारा की बोलताना शब्द तोंडातच गोठावेत. माझ्या पुढे डब्लिनच्याच क्रमलिन भागातले एक काका होते, पन्नाशी उलटलेले, अंगात जुना गडद कोट. माझ्या मागे सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, केसांची एक बट हिरवी रंगवलेली, पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातून बसनं आलेली. मैत्रिणीला सुट्टी मिळाली नाही म्हणून एकटीच. रांग हलेना, त्यामुळे बोलणं सुरू झालं. काका फार छान बोलत होते. हा बँड एका पबच्या मागच्या खोलीत चाळीस माणसांसमोर वाजवायचा, तेव्हापासून ते ऐकत होते. गायक माईकसमोर पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायचा आणि लोकांकडे बघायचाही नाही, हे त्यांनी रांगेत जागच्या जागी दोन पावलं टाकून करूनही दाखवलं. मी ऐकतच राहिले. अशा माणसांमुळेच बँड उभे राहतात.

मग त्या मुलीनं सांगितलं की ती ‘रोमान्स’मधल्या ‘स्टारबर्स्टर’ या गाण्यामुळे ऐकायला लागली. काकांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, “बरं, मग पहिल्या अल्बममधली तीन गाणी सांग पाहू.” तिला दोन आली. तिसरं सांगितलं ते दुसऱ्या अल्बममधलं निघालं. काका हसले, आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. पोरगी गप्प झाली आणि दार उघडेपर्यंत फोनमध्ये डोकं घालून उभी राहिली. चार तास बसमध्ये बसून, आपल्या पैशानं तिकीट काढून आली होती ती!

मंडळी, माझी तक्रार आहे ती या परीक्षेबद्दल. काकांना ‘रोमान्स’ आवडला नाही, त्याबद्दल माझं काहीही म्हणणं नाही. आवडायलाच हवा असा नियम नाही, मलाही त्यातली दोन-तीन गाणी पातळ वाटतात. पण पहिल्या रांगेत आलेल्या माणसानं मागून येणाऱ्याचं ओळखपत्र तपासायचं, हे कुठून आलं? आपल्याकडेही हे आहे. मैफलीत कुणी नवखं मनापासून ‘वा’ म्हणालं की शेजारचे जाणते वळून बघतात, हा ‘वा’ योग्य समेवर आला का ते तपासायला. त्या एका नजरेनं आपण किती कान घालवले असतील! मी अशी माणसं ओळखते जी त्या नजरेनंतर पुन्हा मैफलीला गेली नाहीत. (टाळ्या.) थांबा, टाळ्या नकोत, वेळ कमी आहे.

आता काकांचं दुसरं वाक्य. ते म्हणाले, “यांनी डब्लिन सोडलं, तिथेच सगळं संपलं.” हे वाक्य मी डब्लिनमध्ये राहत असताना किती जणांकडून ऐकलंय, सांगता येणार नाही. आणि त्यात दुःख आहे, ते मी उडवून लावणार नाही. ‘डॉगरेल’ हा बदलत्या डब्लिनचा अल्बम आहे. लिबर्टीजसारख्या जुन्या कष्टकरी वस्त्या, त्यांची बोली, आणि वर चढत जाणारी घरभाडी. नदीच्या दक्षिणेला ग्रँड कॅनॉल डॉकपाशी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालयं उभी राहिली, लोक त्या भागाला ‘सिलिकॉन डॉक्स’ म्हणतात. तिथे काम करणाऱ्यांत आपली कितीतरी मराठी मुलं-मुली आहेत, मीही होते. म्हणजे ज्या भाड्यांनी काकांच्या मुलांना शहराबाहेर ढकललं, ती भाडी भरणाऱ्यांत आम्ही होतो. त्यामुळे काका जेव्हा ‘आमचं डब्लिन’ म्हणतात, तेव्हा मी मान खाली घालून ऐकते. एका बँडनं तुमच्या गल्लीचा उच्चार जसाच्या तसा गाण्यात आणला, लंडनचा किंवा अमेरिकेचा हेल न काढता, आणि मग तोच बँड लंडनला राहायला गेला, तर माणूस दुखावणारच.

पण हा बँड डब्लिनचा कधी होता? जरा बघा. गायक ग्रियन चॅटन जन्मला इंग्लंडमध्ये, बॅरो-इन-फर्नेसला, आणि वाढला स्केरीजमध्ये. ते डब्लिन परगण्यातलंच, पण शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेलं वेगळं गाव. ड्रमर टॉम कॉल आणि बासवाला कॉनर डीगन, दोघंही पार पश्चिमेच्या मेयोचे. गिटारवाला कॉनर कर्ली सीमेजवळच्या मोनाहनचा. दुसरा गिटारवाला कार्लोस ओ’कॉनेल तर माद्रिदमध्ये वाढलेला! नावात ‘डब्लिन सिटी’ आणि खुद्द शहराच्या गल्लीत वाढलेला एकही नाही. शिकायला आलेल्या, शहरावर प्रेम जडलेल्या बाहेरच्या मुलांनी रचलेलं डब्लिन आहे ते. म्हणूनच ते इतकं झळझळीत दिसतं. तिथेच जन्मलेल्याला ते रोजचंच असतं, बाहेरून आलेला डोळे फाडून बघतो. आणि त्या मेयोच्या मुलीला ‘तू उशिरा आलीस’ म्हणून हसणाऱ्या काकांना हे आठवलं नाही की बँडमधली दोन मुलं तिच्याच परगण्यातून, बहुधा तसल्याच बसनं, आली होती.

लंडनला गेल्यावर त्यांनी काय केलं? ‘स्किंटी फिया’. माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा अल्बम. त्याच्या पहिल्या गाण्यामागची गोष्ट सांगते, मग संयोजकांनी घंटी वाजवली तरी चालेल.

इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला एक आयरिश बाई आयुष्य काढून वारल्या. घरच्यांना त्यांच्या थडग्यावर आयरिश भाषेत एक ओळ हवी होती, ‘आमच्या हृदयात कायम’ अशा अर्थाची. थडग्यावर कुणीही लिहील अशी ओळ. दफनभूमी इंग्लंडच्या चर्चची, त्यामुळे चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते. २०२० मध्ये न्यायालयानं सांगितलं, इंग्रजी भाषांतर सोबत असल्याशिवाय चालणार नाही. नुसती आयरिश ओळ राजकीय घोषणा वाटू शकते. कल्पना करा, २०२० साली! आईच्या थडग्यावर आईची भाषा, आणि ती धोक्याची. घरचे वरच्या न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये तो निकाल फिरला. ओळ भाषांतराविना कोरायला परवानगी मिळाली.

चॅटनला हे प्रकरण कळलं तेव्हा तो स्वतः लंडनमध्ये राहणारा आयरिश माणूस होता. त्यातून गाणं झालं, जवळपास सहा मिनिटांचं. सुरुवातीला फक्त आवाज, चर्चमधल्या समूहगानासारखे एकावर एक चढवलेले, तीच आयरिश ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारे. खाली बासची धडधड. चॅटन वर त्याचं बोलणं सुरू करतो, पण ते आवाज थांबत नाहीत, त्याच्या ओळींच्या मधल्या जागेत येत राहतात. ड्रम लगेच पूर्ण सुटत नाहीत, कितीतरी वेळ अडवून धरल्यासारखे वाजतात, आणि सुटतात तेव्हा सगळं गाणं मोकळं होतं. जी ओळ कोरायला बंदी होती ती सहा मिनिटांत इतक्या वेळा उच्चारली जाते की आता ती लाखो माणसांच्या कानांत आहे. हे गाणं डब्लिनमध्ये राहून झालं असतं असं मला वाटत नाही. तिथे ती भाषा दुकानांच्या पाट्यांवर आणि बसवर असते, तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. ती कुणाला धोक्याची वाटते हे कळायला समुद्र ओलांडावा लागला.

त्याच अल्बममध्ये ‘आय लव्ह यू’ आहे. नाव प्रेमगीताचं, आणि ते आयर्लंडला उद्देशून आहे. सोडून आल्याची टोचणी, राज्यकर्त्यांवरचा संताप, धार्मिक संस्थांच्या माता-बालगृहांत, म्हणजे अविवाहित आयांना ठेवायचे त्या गृहांत, मेलेल्या बाळांची आठवण, सगळं एका दमात. हे लिहिणाऱ्याला ‘यानं देश सोडला’ म्हणायचं?

(संयोजक घड्याळ दाखवतात.) हो, हो. दहा मिनिटं? पाच? बरं, मग छापलेला विषय आता भराभर.

माझं म्हणणं असं की ‘डॉगरेल’वाले आणि ‘रोमान्स’वाले एकाच गोष्टीसाठी येतात आणि ती गोष्ट म्हणजे चॅटनचा श्वास. ‘डॉगरेल’ निर्माता डॅन कॅरीनं बँडला एकत्र वाजवायला लावून टेपवर घेतला, म्हणून त्यात ओळ संपताना दम कमी पडल्याचं ऐकू येतं. जुन्या चाहत्यांना जे ‘खरं’ वाटतं ते हेच. आता ‘स्टारबर्स्टर’ ऐका. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावर चॅटनला घबराटीचा झटका आला होता, त्यावरचं हे गाणं. कडव्याच्या मध्ये तो मोठ्यानं, घशातून ओढून श्वास घेतो आणि तो श्वासच गाण्याची खूण होऊन बसला आहे. निर्माता जेम्स फोर्ड, वाद्यं गुळगुळीत, सगळं बदललेलं. पण तो श्वास तोच, फक्त आधी तो चुकून राहायचा आणि आता तो गाण्याच्या मधोमध ठेवलाय.

दुसरं, पुनरावृत्ती. पहिल्या अल्बमपासून हा माणूस एकच ओळ इतक्या वेळा म्हणतो की तिचा अर्थ पालटतो. आधी ती बढाई वाटते, मग शंका, शेवटी विनवणी. चारही अल्बममध्ये हे आहे. तिसरं, टॉम कॉलचे ड्रम, त्याच्याबद्दल एक स्वतंत्र व्याख्यान द्यायला हवं. पारंपरिक आयरिश संगीतातून आलेला हात आहे त्याचा, एवढंच आज सांगते.

आणि त्या रात्री थ्रीअरीनात शेवटी ‘स्टारबर्स्टर’ वाजलं तेव्हा आत तेरा हजारांच्या आसपास माणसं होती आणि तो श्वास सगळ्यांनी एकदम घेतला. काका माझ्यापासून चार माणसं सोडून उभे होते. त्यांनीही घेतला, मी पाहिलं. मुलगी गर्दीत पुढे कुठेतरी होती, ती दिसली नाही.

प्रश्नोत्तरांचा वेळ मी खाल्ला आहे. बाहेर चहा आहे, मी तिथे थांबते. ज्यांना ‘डॉगरेल’च श्रेष्ठ वाटतो त्यांनी आधी या, मला तुमचं ऐकायचंय. आणि ज्यांनी यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही त्यांनी तर नक्कीच या, माझ्या फोनमध्ये सगळी आहेत.