नाव समुद्राचं, कूळ लव्हाळ्याचं

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. मागांचा आवाज.)

खटक-खट, खटक-खट. पूर्व भागात दिवस असा सुरू होतो. चादर असो की टॉवेल, इथला माणूस आधी कापड उलटं करून बघतो. ताणा (उभे धागे) कसला, बाणा (आडवे धागे) कसला, पीळ किती, काऊंट किती, म्हणजे सूत किती बारीक. त्यामुळे 'सी-ग्रास'चा गालिचा पहिल्यांदा इथे आणला, तेव्हा मामांनी किंमत विचारलीच नाही. कडेची दोरी नखाने उलगडली.

(दृश्य: दोरी उलगडणारी बोटं.)

"समुद्रातलं गवत म्हणता? हे तर लव्हाळं दिसतंय."

मामा फारसे चुकले नव्हते.

खरं समुद्री गवत खाऱ्या पाण्यात बुडूनच जगतं. ते शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलंही येतात, आणि परागकण पाण्यातूनच वाहत जातात. तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, याच कुरणात चरते. डेन्मार्कच्या लेसो बेटावर तर किनाऱ्याला लागलेलं हे गवत वाळवून घरं शाकारायचे. पण दुकानातला गालिचा बहुतेक वेळा या गवताचा नसतो.

तो असतो सायपेरस मलाकेन्सिसचा, म्हणजे लव्हाळ्याच्याच एका जातभाईचा. चीन आणि व्हिएतनामच्या किनारपट्टीत, मचूळ पाणी भरलेल्या खाचरांत याची लागवड होते. कापणी झाली की उन्हात वाळवायचं आणि पीळ देऊन दोरी करायची. आपला नागरमोथा, शेतातला लव्हाळा, तोही सायपेरसच. खुरपून खुरपून हात दुखतात, तरी जमिनीत एक गाठ राहिली की पुन्हा हजर! खोड चिमटीत धरून फिरवा, तीन कडा लागतील. गवताचं खोड असं नसतं. म्हणजे हे समुद्रातलं नाही, आणि शास्त्राच्या हिशेबात गवतही नाही.

(दृश्य: रंगाची कढई, सुताच्या लडी.)

रंगाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही. वरचा कांडा गुळगुळीत, मेणचट. पाणी सहज आत घेत नाही, मग रंग कुठून धरणार? नवा गालिचा हिरवट दिसतो, पुढे कडब्यासारखा पिवळा पडतो. चहा सांडला तर लगेच टिपून घ्या, डाग सहसा राहत नाही. पण चादरीसारखा भिजवून आपटाल तर गेला. ओल राहिली की बुरशी येते. आणि फार कोरड्या हवेत कांडी ठिसूळ होते, हे सोलापूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

(दृश्य: पुन्हा माग. मामा चहा घेताहेत.)

तमिळनाडूत, पट्टमडईला, याच कुळातल्या कोरईची चटई विणतात. इतकी मऊ की तिची घडी घालता येते. ताणा तिथे सुताचा असतो, एवढं सांगितलं आणि मामांनी कप खाली ठेवला.

"किती काऊंटचं सूत?"