बेट वाचवायचंय? आधी होडी तपासा

नमस्कार मंडळी! एखादं छोटं बेट 'संरक्षित' म्हणून जाहीर झालं की बातमी येते, नकाशावर हिरवी रेघ उमटते. उंदराला ती रेघ दिसत नाही. तो सामानाच्या खोक्यात बसून होडीने येतो आणि आरामात उतरतो.

समुद्रपक्षी अशा बेटांवर घरटी का करतात? तिथे जमिनीवर फिरणारा शिकारी नसतो म्हणून. हजारो वर्षं शत्रूच नाही, मग अंडी उघड्यावर घातली काय नि बिळात घातली काय! पळायची, लढायची सवयच लागत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर माणसांच्या जहाजांतून पोचलेले साधे छोटे उंदीर ॲल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंतपणी कुरतडतात. पिल्लू उंदराच्या कितीतरी पट मोठं असतं, तरी जागचं हलत नाही. 2021 साली हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदीर संपवायचा मोठा प्रयत्न झाला. त्याच वर्षाच्या शेवटी उंदीर पुन्हा दिसला. 99 टक्के यश इथे चालत नाही, एक जोडी उरली तरी पुरते.

विष टाकून प्राणी मारायचे, हे ऐकायला बरं वाटत नाही, मान्य. पण काहीच न करणं म्हणजे पिल्लांच्या मरणाला मूक संमती. मी तरी आमिषाच्या बाजूने आहे. फक्त घाई नको. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या मॅक्वारी बेटावरून आधी मांजरं हटवली, पक्ष्यांना दिलासा मिळाला. मग ससे इतके माजले की उतारच्या उतार उजाड झाले. शेवटी ससे, मोठे उंदीर, छोटे उंदीर, तिघांवर एकदम मोहीम काढावी लागली. 2014 मध्ये बेट मोकळं झालं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हिंदी महासागरात चागोस द्वीपसमूह आहे. तिथल्या काही बेटांवर उंदीर आहेत, काहींवर नाहीत. म्हणजे निसर्गात आयता मांडलेला प्रयोगच. पक्षी दूर समुद्रात मासे खातात आणि शिटतात बेटावर. त्या विष्ठेतला नायट्रोजन पावसाबरोबर वाहत प्रवाळांपर्यंत जातो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की उंदीर नसलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळांवर माशांचं एकूण वजन जवळपास दीडपट होतं! म्हणून संरक्षणाची हद्द वाळूच्या कडेला संपवणं मला चुकीचं वाटतं. बेट आणि भोवतालचं पाणी एकाच आदेशात यायला हवं.

आणि माणसं? आइसलँडजवळचं सर्टसी 1963 मध्ये ज्वालामुखीतून वर आलं, 1965 मध्ये संरक्षित झालं. संशोधक सोडून कुणाला प्रवेश नाही. तरीही तिथे एकदा टोमॅटोचं रोप उगवलं. एका संशोधकाने उघड्यावर शौच केलं होतं, बी तिथूनच! रोप लगेच उपटून टाकलं.

सगळीच बेटं अशी बंद करता येणार नाहीत. दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट 2018 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथे पर्यटक जातात. पण उतरण्याआधी बूट घासायचे, खिसे झटकायचे, कपड्यांच्या शिवणीत अडकलेलं गवताचं बी वेचून काढायचं. असं कुणी तुम्हाला करायला लावलं, तर वैतागू नका. वेल्क्रोची पट्टी आधी बघा, बी बहुधा तिथेच अडकलेलं असतं.