जामीन राहिलेले शहर

मार्च महिना आला की ‘अखर्चित निधी परत गेला’ अशी बातमी आपल्याकडे एखाद्या तरी जिल्ह्यातून येतेच. पैसे आले, मुदतीत खर्च झाले नाहीत, म्हणून शासनजमा झाले. आज मला ज्या परतफेडीविषयी बोलायचे आहे, ती याच्या अगदी उलट जातीची आहे. तिच्यात पैसे रीतसर खर्च झालेले असतात, जमीन विकणाऱ्याच्या, वास्तुविशारदाच्या आणि कंत्राटदाराच्या खात्यात केव्हाच जमा झालेले असतात, आणि तरीही ते शहराला स्वतःच्या तिजोरीतून पुन्हा भरावे लागतात, कारण ज्या घरांसाठी ते घेतले ती घरे उभीच राहिलेली नसतात.

हा प्रकार अमेरिकेतला आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ‘हड’ म्हणतात. मराठी कानाला पहिल्यांदा ते ऐकून हसू येते, पण शहरांच्या लेखा विभागात हा शब्द कोणी हसत उच्चारत नाही. १९९० च्या कायद्याने सुरू झालेली ‘होम’ नावाची योजना हे खाते चालवते. केवळ परवडणाऱ्या घरांसाठी असलेल्या या निधीतला ६० टक्के भाग शहरांना आणि कौंट्यांना, तर ४० टक्के राज्यांना सूत्रानुसार मिळतो. शहर तो पैसा एखाद्या बिल्डरला किंवा धर्मादाय संस्थेला बहुधा सवलतीच्या कर्जाच्या रूपाने देते आणि घरे बांधून घेते.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ‘हड’चा करार शहराशी असतो, बिल्डरशी नसतो. बिल्डरशी करार करते ते शहर. म्हणजे आपण वरचा पैसा खाली पोहोचवणारे पोस्टमन आहोत अशी नगरसेवकांची समजूत असली, तरी कागदावर शहर हे जामीनदार असते, आणि मूळ ऋणको गायब झाला की जामीनदाराची काय गत होते हे आपल्या गावाकडच्या कोणत्याही पतसंस्थेच्या सभासदाला वेगळे सांगायला नको.

मी पाहिलेल्या एका शहरात असा एक भूखंड होता. भोवती तारेची जाळी, दाराला गंजलेली साखळी, आत कमरेइतके गवत, आणि ‘लवकरच येत आहे’ असे सांगणारा, उन्हाने इतका विटलेला फलक की त्यावरच्या चित्रातले हसरे कुटुंब निळसर भुतांसारखे दिसे. जमीन ‘होम’च्या पैशातून घेतलेली होती. नकाशे झाले होते, मातीची तपासणी झाली होती, या सगळ्याची बिले चुकती झाली होती. अडले ते पुढचे. अशा इमारतीचा पैसा एका ठिकाणाहून येत नाही. शहराचे कर्ज, बँकेचे कर्ज आणि १९८६ च्या करसुधारणेपासून अशा घरांना मिळणाऱ्या करसवलती बँकांना आणि कंपन्यांना विकून उभे केलेले भांडवल, अशा तीन-चार धाग्यांनी तो विणलेला असतो, आणि एक धागा तुटला की सगळेच उसवते. २००८ मध्ये नेमके हेच देशभर झाले. करसवलत विकत घ्यायची तर आधी नफा हवा, नाहीतर वाचवायला करच नसतो. बँकांचा नफाच आटला, आणि या सवलतींचे मोठे गिऱ्हाईक असलेल्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या दोन संस्था त्या सप्टेंबरात सरकारी ताब्यात गेल्या. घरे न होण्यामागे लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा प्रामाणिक संस्थाच मध्येच दम टाकते.

२०११ च्या मे महिन्यात ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हिशेब मांडला, की असे सुमारे ७०० प्रकल्प रखडले असून त्यांना सुमारे ४० कोटी डॉलर मंजूर झाले आहेत. खात्याने हा आकडा मान्य केला नाही. त्याचे म्हणणे असे, की यातली अनेक कामे झालेली आहेत, फक्त शहरांनी संगणकावरच्या नोंदी अद्ययावत केलेल्या नाहीत. हा बचाव मला आरोपापेक्षाही बोलका वाटतो, कारण कोणते काम झाले आणि कोणते पडून आहे हे वॉशिंग्टनला शहराने भरलेल्या नोंदीवरूनच कळत होते. अपूर्ण काम सोडून दिले तर पैसे परत करायचे, हा नियम आधीही होता. पण ‘सोडून दिले’ असे म्हणायचे केव्हा याची तारीख ठरलेली नव्हती, आणि तारीख नसली की प्रत्येक मेलेले काम कागदावर ‘प्रगतिपथावर’ राहू शकते.

२०१३ च्या नियमाने ती तारीख घातली. करार झाल्यापासून चार वर्षांत काम पुरे झाले नाही तर ते संपुष्टात आले असे धरायचे आणि उचललेली सगळी रक्कम परत घ्यायची. फार तर एक वर्षाची मुदतवाढ. विकण्यासाठी बांधलेल्या घराला पूर्ण झाल्यावर नऊ महिन्यांत गिऱ्हाईक ठरले नाही, तर ते भाड्याने द्यायचे किंवा पैसे भरायचे. दरम्यान योजनेला मिळणारी रक्कमही २०१० च्या सुमारे १८२ कोटी डॉलरवरून २०१२ मध्ये १०० कोटींवर आली होती.

आता परतफेड कुठून करायची? केंद्राच्या पैशातून केंद्राचे देणे भागवता येत नाही. म्हणून ती बहुधा सर्वसाधारण निधीतून होते, म्हणजे ज्या मालमत्ता करातून अग्निशमन दल आणि रस्ते चालतात त्यातून. ही रक्कम पुष्कळदा शहराच्याच ‘होम’ खात्यात परत जमा होते आणि दुसऱ्या घरांसाठी वापरता येते, त्यामुळे शिक्षा वाटते तितकी आंधळी नाही. ज्या शहराकडे रोकड नसते त्याला मात्र ‘हड’च्या संमतीने पुढच्या वर्षांची अनुदाने ‘स्वेच्छेने’ कमी करून घेता येतात. हा स्वेच्छा शब्द मला खटकतो. पहिल्या वाटेने शहरातला प्रत्येक करदाता थोडे थोडे भरतो. दुसऱ्या वाटेने जे घराच्या यादीत नाव लावून बसले आहेत तेच भरतात, आणि त्यांना ते कळतही नाही. मला विचाराल तर ही दुसरी वाट शहरांना उपलब्धच असू नये.

मी सांगितलेल्या शहराने पहिली वाट घेतली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परतफेडीचा ठराव एकगठ्ठा मंजुरीच्या विषयांत होता. एकानेही तोंड उघडले नाही आणि तो मिनिटभरात संमत झाला. त्यानंतरचा विषय होता रिकाम्या भूखंडांवरचे गवत कापण्याच्या वार्षिक ठेक्याचा, आणि त्यावर जवळजवळ अर्धा तास चर्चा झाली.