पाचापैकी तीन

फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया स्टेट हाउसमधील हे दालन. १७८७ च्या उन्हाळ्यात दाराशी पहारा बसवून येथे अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता, आणि आतील बोलणे बाहेर फुटू द्यायचे नाही असे ठरले होते. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन मात्र अध्यक्षांच्या समोर बसून रोजची भाषणे टिपून घेत असत. म्हणूनच त्या बंद दाराआडचा एक अत्यंत कडवट वाद आज आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या, तर त्या लोकसंख्येत गुलामांना धरायचे का? दक्षिण कॅरोलायनाचे पिअर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंक्नी यांचा आग्रह होता की गुलामांची गणना पूर्ण व्हावी. ज्यांना बाजारात विकले जात होते, त्यांना मोजणीपुरते पूर्ण माणूस धरा, असे त्यांचे मालकच सांगत होते. पाच गुलामांमागे तीन माणसे धरण्याचे प्रमाण १७८३ मध्ये करवाटणीसाठी सुचवले गेले होते. अखेर तेच उचलण्यात आले. ८ ऑगस्टला पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) उठले आणि त्यांनी रोखठोक विचारले: गुलाम ही माणसे असतील तर त्यांना नागरिक करा, मत द्या, मालमत्ता असतील तर इतर मालमत्ता का मोजत नाही? कलम तरीही टिकले. ‘गुलाम’ हा शब्द मात्र त्यात येऊ दिला नाही. लिहिले गेले, ‘इतर सर्व व्यक्ती’.

या कलमाने गुलामाला तीन पंचमांश माणूस ठरवले, असे आजही सर्रास म्हटले जाते. खरा अन्याय त्याहून खोल आहे. गुलामाच्या वाट्याला मताचा अंशही आला नाही. ते तीन पंचमांश वजन त्याला बांधून ठेवणाऱ्यांच्या पारड्यात पडले.

१७९० च्या पहिल्या जनगणनेचे एखादे पान पाहा. कुटुंबप्रमुखाचे नाव तेवढे लिहिलेले, आणि शेवटच्या रकान्यात गुलामांचा नुसता आकडा. व्हर्जिनियात असे २,९२,६२७ जण होते. तेथील स्वतंत्र लोकसंख्या सुमारे ४ लाख ५५ हजार, तर पेनसिल्व्हेनियाची ४ लाख ३१ हजारांच्या आसपास, म्हणजे फरक थोडाच. तरीही जागा मिळाल्या व्हर्जिनियाला १९ आणि पेनसिल्व्हेनियाला १३. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्याही याच जागांवर बेतलेली होती. १८०० मध्ये व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसन यांना ७३ आणि जॉन अ‍ॅडम्स यांना ६५ मते मिळाली. गुलामांच्या मोजणीतून आलेली मते वगळली असती तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असे अनेक इतिहासकार मानतात.

यादवी युद्धानंतर, १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने हे प्रमाण रद्द केले. आता कृष्णवर्णीय माणूस पूर्ण मोजला जाऊ लागला, दक्षिणेच्या जागा त्यामुळे आणखी वाढल्या, आणि त्याच राज्यांनी मतदान कर व साक्षरतेच्या परीक्षा लावून त्याला १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत मतपेटीपासून दूर ठेवले.