टोळीतला बाप कोण?

नमस्कार श्रोतेहो.

यवतेश्वरच्या घाटात कठड्यावर माकडं बसलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. गाडी थांबली की एक दांडगा नर इतरांवर दात विचकत पुढं येतो, आणि गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "हा म्होरक्या. ही सगळी पिल्लं ह्याचीच!"

मीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होतो. पण ते निम्मंच खरं.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना हे लगेच कळेल. मादी माजावर असते ती थोडे दिवस. त्या दिवसांत तिच्यावर पहिला हक्क म्होरक्याचा. पण दोघी एकदमच माजावर आल्या तर? मग दुसऱ्या नंबरच्या नराचंही फावतं. हा हिशोब स्टुअर्ट आल्टमन या माकडांच्या अभ्यासकांनी १९६२ साली मांडला. आपल्या घाटातल्या माकडांचा विणीचा हंगाम ठरलेला, त्यामुळं पावसाळा सरता सरता बऱ्याच माद्या एकदम माजावर येतात. एका राखणदारानं चार वावरं राखायची कशी? शिवाय मादीलाही स्वतःची आवड असते. म्होरक्याची पाठ वळली की ती झुडपामागं दुसऱ्याकडं जाते.

काळतोंड्या वानरांचं मात्र वेगळं. तिथं पुष्कळदा एकच हुप्प्या सगळा कळप सांभाळतो, आणि बाहेर नुसत्या नरांची टोळी टपून बसलेली असते. त्याच १९६२ साली धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी पाहिलं, की बाहेरच्या नरानं कळप बळकावला आणि अंगावरची पिल्लं मारली. ऐकायला क्रूर वाटतं, आहेच. पण पिल्लू पीत असेपर्यंत आई सहसा माजावर येत नाही, आणि नव्या हुप्प्याची सद्दी काही जन्माची नसते. पुढं नेपाळात रामनगरला विष्ठेतल्या डीएनएवरून तपासलं, तर मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप निघाला नाही.

मग नुसती ताकदच का? थायलंडच्या जंगलातली आसामी माकडं वेगळं सांगतात. तिथं ज्या नराचे दोन-चार नरांशी घट्ट संबंध, तो त्यांच्या जोरावर वर चढतो आणि त्याला पिल्लंही जास्त होतात. आपल्या घाटातले नरसुद्धा एकमेकांच्या उवा काढत, गळ्यात गळे घालून बसतात. पुढच्या वेळी केळं देऊ नका, पण तेवढं जरूर बघा.

आणि आफ्रिकेतल्या बोनोबोंची, म्हणजे चिंपांझीच्या सख्ख्या भाऊबंदांची, तर गंमतच. तिथं आई पोराच्या मागं उभी राहते, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना हुसकावते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं, की आई कळपात असलेल्या नराला बाप होण्याची संधी साधारण तिप्पट मिळते. लेकाच्या लग्नासाठी गावोगाव स्थळं बघत हिंडणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "त्यात काय नवल? बापाला कुठं जमतंय ते!"